रोजचा दर, वर्षांचे भाडे

पेट्रोल पंपावरचा दर सकाळी सहा वाजता बदलतो. १६ जून २०१७ पासून ही पद्धत देशभर लागू झाली. त्याआधी तेल कंपन्या महिन्याच्या १ आणि १६ तारखेला दराचा आढावा घेत. रिक्षा-टॅक्सीचे भाडे आणि एसटीचे तिकीट मात्र सरकारी प्राधिकरणाच्या बैठकीत ठरते, आणि दोन भाडेवाढींमध्ये दीड-दोन वर्षे, कधी सहा वर्षेही जातात. इंधन महागल्याचा भार कोणावर किती पडतो, हे बऱ्याच अंशी या दोन वेळापत्रकांमधल्या अंतरावर ठरते. ज्याला वाढलेला खर्च पुढच्या माणसावर ढकलता येतो तो त्यातून सुटतो. ज्याच्या भाड्याला सरकारी शिक्का लागतो, किंवा ज्याला दुचाकीवाचून कामावर पोचता येत नाही, तो अडकतो. महाराष्ट्रात २०२० ते २०२२ या तीन वर्षांत हे फार स्पष्ट दिसले.

पंपावरच्या दरात कच्च्या तेलाची किंमत, शुद्धीकरण, वाहतूक, विक्रेत्याचे कमिशन आणि कर एवढ्या गोष्टी येतात. भारत आपल्या गरजेच्या पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, त्यामुळे मूळ किंमत डॉलरमध्ये ठरते आणि रुपया घसरला की तेल जागच्या जागी महागते. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. पण दर मुक्त झाला तरी कर सरकारच्याच हातात राहिला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा पेट्रोल आणि डिझेल त्याबाहेर ठेवण्यात आले. केंद्र लिटरमागे ठरावीक रुपये उत्पादन शुल्क घेते, तर राज्य टक्केवारीने मूल्यवर्धित कर घेते आणि पेट्रोलवर अधिभारही लावते. २०१५ च्या दुष्काळात महाराष्ट्राने लिटरमागे २ रुपयांचा अधिभार लावला होता. महामार्गालगतच्या दारूविक्रीवर न्यायालयाने बंदी घातली आणि महसूल बुडाला, तेव्हा २०१७ मध्ये पेट्रोलवरचा अधिभार आणखी वाढला. तिजोरीत खड्डा कुठेही पडो, तो भरण्याचा सर्वांत सोपा मार्ग पंपावरूनच जातो. या कराची वसुली आपोआप होते आणि तो चुकवता येत नाही. रोज तीन किलो गॅस किंवा अर्धा लिटर पेट्रोल लागणाऱ्या माणसाला इंधन घेणे पुढे ढकलताही येत नाही.

राज्याचा कर टक्केवारीत असल्यामुळे वाढ आणि घट दोन्ही फुगून येतात. ४ नोव्हेंबर २०२१ रोजी, ऐन दिवाळीत, केंद्राने डिझेलवरचे शुल्क १० रुपयांनी कमी केले, तेव्हा मुंबईत डिझेल १०६.६२ वरून ९४.१४ रुपयांवर, म्हणजे जवळपास साडेबारा रुपयांनी उतरले. दर चढताना याच हिशोबाने राज्याचा वाटाही न मागता वाढत जातो.

अंतराचाही कर असतो, तो फक्त पावतीवर छापला जात नाही. मुंबईला तेल शुद्धीकरण कारखाने दाराशी आहेत. मराठवाड्यातल्या परभणीला इंधन येते ते सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या मनमाडजवळील पानेवाडीच्या साठ्यातून. त्यामुळे राज्यातला सर्वांत महाग पेट्रोलचा दर वर्षानुवर्षे परभणीच्या नावावर राहिला. लोकल, मेट्रो किंवा शहर बससेवेचा आधार जिथे नाही आणि मजुरीही मुंबईपेक्षा कमी आहे, तिथेच लिटरमागे जास्त पैसे मोजावे लागतात.

एप्रिल २०२० मध्ये जगभर टाळेबंदी असताना भारताला मिळणारे कच्चे तेल पिंपामागे २० डॉलरच्या आसपास आले होते. त्या काळात पंपावर मोठी स्वस्ताई यायला हवी होती. पण मार्चमध्ये ३ रुपये आणि ६ मे रोजी पेट्रोलवर आणखी १०, डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढले. २०१४ मध्ये पेट्रोलवर ९.४८ आणि डिझेलवर ३.५६ रुपये असलेले केंद्राचे शुल्क ३२.९८ आणि ३१.८३ रुपयांवर पोचले. स्वस्त तेलाचा फायदा रस्त्यावर आलाच नाही. पुढे कच्चे तेल चढू लागले, तेव्हा या वाढीव शुल्कावर नवी वाढ रचली गेली. २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. नोव्हेंबर २०२१ च्या सुरुवातीला ते ११५.८५ रुपये होते. दिवाळीतल्या कपातीनंतर साडेचार महिने दर जागचा हलला नाही. याच काळात उत्तर प्रदेश, पंजाब आणि गोव्यासह पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या आणि रशियाने युक्रेनवर हल्ला केला. २२ मार्च २०२२ ला थांबलेला काटा सुटला. सोळा दिवसांत चौदा वेळा वाढ होऊन ६ एप्रिलला मुंबईत पेट्रोल १२०.५१ आणि डिझेल १०४.७७ रुपयांवर गेले.

लिटरचा दर कागदावर कळतो, पण त्याचे ओझे महिन्याच्या हिशोबात जाणवते. रोज जाऊन-येऊन ३० किलोमीटर दुचाकी चालवणारा माणूस महिन्याचे २६ दिवस कामावर गेला, आणि गाडीने लिटरला ४५ किलोमीटर दिले, तर त्याला महिन्याला सव्वासतरा लिटरांच्या आसपास पेट्रोल लागते. मे २०२० मध्ये मुंबईत पेट्रोल ७६ रुपयांच्या घरात होते, त्या दराने हा खर्च सुमारे १,३२० रुपये होता. एप्रिल २०२२ मध्ये तोच खर्च २,०८० रुपयांवर गेला. दुकानात, गोदामात किंवा सुरक्षारक्षकाच्या नोकरीत बारा-पंधरा हजार कमावणाऱ्याच्या घरात हे साडेसातशे रुपये कुठून तरी काढावेच लागतात. पगारात प्रवासभत्ता हा वेगळा रकाना असणारी नोकरी थोड्यांनाच मिळते. महामारीत अनेकांचे पगार कापले गेले होते किंवा गोठले होते, हे या आकड्याशेजारी ठेवूनच पाहावे लागते.

मुंबई महानगराला या भारापासून वाचवणारी मोठी गोष्ट म्हणजे लोकल. ती विजेवर चालते, तिचा पास पेट्रोलच्या दराशी बांधलेला नाही, आणि महामारीपूर्वी तिने रोज पंचाहत्तर लाखांच्या आसपास प्रवासी नेले. डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार ही गावे वाढली ती या पासाच्या भरवशावर. घर दूर पण भाडे परवडणारे, आणि महिन्याचा पास काही शे रुपयांत, हे गणित जमले म्हणूनच तिथे माणसे राहायला गेली. २३ मार्च २०२० पासून लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये वेळेच्या मर्यादेसह ती खुली झाली, एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन लसमात्रा घेतलेल्यांना पुन्हा चढता आले. म्हणजे मुंबईत पेट्रोल शंभरीपार गेले त्या उन्हाळ्यात अत्यावश्यक सेवेबाहेरच्या लाखो लोकांना रेल्वेचा दरवाजा बंद होता. कार्यालये आणि दुकाने उघडत होती, हजेरी लागत होती. कल्याणहून दादरला जायचे तर एसटी किंवा बेस्टच्या रांगेत दोन-दोन तास घालवायचे, नाहीतर दुचाकी काढायची. काहींनी चार जण मिळून गाडी केली. इंधनदरवाढीची चर्चा त्या वेळी शंभर या आकड्याभोवती फिरत राहिली, पण उपनगरांतल्या माणसाला दुखत होते ते दर चढणे आणि स्वस्त पर्याय बंद असणे हे एकाच वेळी घडले म्हणून.

रेल्वे स्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा दीड-दोन किलोमीटरचा टप्पा तर कायमच रस्त्यावरचा. शेअर रिक्षाच्या सीटचे दर पाच-पाच रुपयांनी वाढतात, कारण सुट्ट्या पैशांची कटकट ना चालकाला हवी असते ना प्रवाशाला. पास जुन्याच दरात मिळाला तरी दिवसाला दोन वेळा लागणारी ही सीट महिन्याच्या खर्चात पासाला मागे टाकते.

रिक्षाचालकाचा हिशोब मात्र सविस्तर मांडण्यासारखा आहे. मुंबईतल्या रिक्षा आणि टॅक्सी प्रदूषणाविषयीच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांनंतर सीएनजीवर आल्या, आणि हा बदल शहराच्या हवेसाठी चांगलाच झाला. गॅस पेट्रोलपेक्षा बराच स्वस्तही होता. जून २०१५ ते फेब्रुवारी २०२१ या पावणेसहा वर्षांत रिक्षाचे किमान भाडे १८ रुपयांवर थांबले होते. १ मार्च २०२१ ला ते २१ रुपये झाले; टॅक्सीचे २२ वरून २५. त्या वेळी मुंबईत सीएनजी किलोला पन्नास रुपयांच्या आतबाहेर होता. मग गॅस चढू लागला. देशांतर्गत विहिरींतून निघणाऱ्या गॅसची किंमत तेव्हा परदेशी बाजारांतल्या दरांना बांधलेली होती आणि दर सहा महिन्यांनी बदलत असे. एप्रिल २०२१ मध्ये एकक उष्णतेमागे १.७९ डॉलर असलेली ही किंमत एप्रिल २०२२ मध्ये ६.१० आणि ऑक्टोबरमध्ये ८.५७ डॉलर झाली. राज्य सरकारने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा मूल्यवर्धित कर १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला. किलोचा दर ६६ वरून ६० रुपयांवर आला, पण हा दिलासा आठवडाभरही टिकला नाही. त्याच महिन्यात दर ६७, मग ७२, मग ७६ झाला. ऑगस्टमध्ये ८६ आणि नोव्हेंबरमध्ये ८९.५० रुपये.

दिवसाला १२० किलोमीटर धावणाऱ्या रिक्षाला किलोमागे ३० किलोमीटर धरले तर ४ किलो गॅस लागतो. पन्नासच्या भावात हे २०० रुपये होतात, ८६ च्या भावात ३४४. रोजचे १४४ रुपये थेट चालकाच्या खिशातून गेले. रिक्षासंघटनांनी निवेदने दिली, टॅक्सीचालकांनी संपाचा इशारा दिला, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून किमान भाडे २३ रुपये झाले. किलोमीटरचा दर १४.२० वरून १५.३३ रुपयांवर गेला, म्हणजे १ रुपया १३ पैशांनी वाढला. १२० पैकी ८० किलोमीटर प्रवासी बसलेला असतो असे मानले, कारण परतीची रिकामी फेरी आणि भाड्याच्या शोधातले फिरणे यांत उरलेले जातात, तर या वाढीतून दिवसाला ९० रुपये मिळाले. वाढ झाल्यानंतरही ५४ रुपयांची तूट उरली, आणि आधीच्या दीड वर्षात झिजलेले पैसे तर परत आलेच नाहीत. गॅसमध्ये सत्तर टक्क्यांहून अधिक वाढ, भाड्यात आठ टक्के. शहरात भाडे नाकारणाऱ्या, मीटर न टाकणाऱ्या चालकांविषयी प्रवाशांचा राग खरा आहे आणि त्या वागण्याचे समर्थन होत नाही. मात्र जवळचे भाडे नाकारण्यामागे हा हिशोबही असतो. रांगेतला नंबर सोडून गाडी एक किलोमीटर गेली आणि रिकामी परतली, तर त्या फेरीत गॅसचे पैसेही जेमतेम सुटतात.

मालक आणि चालक एकच असेल तर निदान उरलेले पैसे त्याचे असतात. शिफ्टवर गाडी चालवणाऱ्याचे तसे नाही. मालकाला दिवसाचे ठरलेले पैसे द्यायचे, गॅस स्वतः भरायचा, उरेल ते घरी न्यायचे. गॅस कितीही चढला तरी मालकाचा आकडा तोच राहतो. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत राज्य सरकारने परवानाधारक रिक्षाचालकांना १,५०० रुपयांची एकवेळची मदत जाहीर केली. शिफ्टवाल्याच्या नावावर परवानाच नसल्याने तो त्या यादीत बसत नव्हता. त्यात २०१७ मध्ये रिक्षा परवान्यांवरची मर्यादा उठली होती. कर्ज काढून नवे चालक आले, रस्त्यावर रिक्षा वाढल्या, भाडी वाटली गेली. गॅसपंपावरच्या रांगेत जाणारा तास-दीड तासही कमाईतूनच वजा होतो. भाडेवाढ झाली की मीटर नव्या दराला जुळवून आरटीओची तपासणी करून घ्यावी लागते. त्याचे पैसे आणि धंद्याचा एक दिवस, दोन्ही चालकाचेच.

हे अंतर बुजवण्यासाठी उपाय शोधलेच गेले नाहीत असे म्हणता येणार नाही. २०१२ मध्ये हकीम समितीने आणि नंतर बी. सी. खटुआ समितीने वाहनाची किंमत, देखभाल, इंधन आणि चालकाचे जीवनमान यांवर आधारलेले भाड्याचे सूत्र दिले. सूत्र योग्य होते, ते वेळेवर लागू झाले नाही एवढेच. भाडेवाढ हा प्रवाशांना दुखावणारा निर्णय, म्हणून प्रत्येक सरकार तो पुढे ढकलते आणि अखेर संपाच्या इशाऱ्यानंतर घेते. एप्रिल २०२३ मध्ये किरीट पारीख समितीच्या शिफारशींनंतर गॅसच्या किमतीला ६.५ डॉलरची कमाल मर्यादा आली, मुंबईत सीएनजी ७९ रुपयांवर आणि पुढच्या वर्षी ७३.५० पर्यंत उतरला. तेव्हा भाडे २३ रुपयेच राहिले आणि चालकांना थोडा श्वास घेता आला. १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २६ आणि टॅक्सीचे ३१ रुपये झाले. त्या वेळी सीएनजी ऑक्टोबर २०२२ पेक्षा स्वस्त होता, याचीही नोंद प्रवाशाच्या बाजूने करायला हवी. उशिराने येणारी वाढ दोघांवर अन्याय करते, फक्त वेगवेगळ्या वेळी.

मोबाइल ॲपवरून खाणे आणि सामान पोचवणाऱ्यांना तर सरकारी सूत्राचाही आधार नाही. त्यांचा मोबदला फेरीमागे, कंपनीने ठरवलेला. दुचाकी, पेट्रोल, पंक्चर सगळे स्वतःचे. कागदोपत्री ते कामगार नाहीत, भागीदार आहेत. पेट्रोल वाढले म्हणून जास्त मोबदला मागायला त्यांच्यासमोर प्राधिकरण नसते आणि बहुतेकदा कंपनीचा माणूसही नसतो.

शहराबाहेर गेले की प्रश्न एसटीपाशी येऊन थांबतो. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हापासून खेड्यातल्या माणसाचा बाजार, दवाखाना, कोर्ट आणि कॉलेज या गाडीवर चालते. महामंडळाला रोज दहा लाख लिटरांहून अधिक डिझेल लागते. तिकीट सहा किलोमीटरच्या टप्प्यावर आकारले जाते आणि डिझेल, टायर, सुटे भाग व महागाई भत्ता यांवर आधारलेले भाडेवाढीचे सूत्रही आहे. २६ ऑक्टोबर २०२१ पासून भाडे १७.१७ टक्क्यांनी वाढले. साध्या गाडीचा टप्पा ७.४५ वरून ८.७० रुपयांवर गेला. पण नव्या दराची तिकिटे फाटायला लागेपर्यंत गाड्याच थांबल्या. महामारीने उत्पन्न बुडालेले, पगार थकलेले, आणि राज्य शासनात विलीनीकरणाची मागणी घेऊन चालक-वाहक आगारांच्या दारात बसलेले. संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना २२ एप्रिलपर्यंत कामावर परतण्यास सांगितले.

संपाच्या याच महिन्यांत काही काळ डिझेल शंभरीपार होते. सातारा-सांगली-कोल्हापूरकडचे वडाप आणि मराठवाडा-विदर्भातल्या काळी-पिवळी जीप एवढाच आधार उरला. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि डिझेल चढले की ‘भरली’ या शब्दाचा अर्थ दोन-तीन माणसांनी वाढतो. या वाहतुकीला दरपत्रक नाही, सवलत नाही. ग्रामीण मुलींना शाळेसाठी मोफत एसटी पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना कागदावर तशीच होती, पण गाडीच नसेल तर पासाचा काही उपयोग नाही. बापाने दुचाकीवर सोडायचे, किंवा जीपचे रोजचे पैसे मोजायचे, किंवा मुलीने घरी बसायचे. इंधनदरवाढीचे जे मोजमाप लिटरमध्ये होते, त्यात शाळेतल्या गैरहजेरीचे असे दिवस कुठेच येत नाहीत, आणि ते यायला हवेत.

सार्वजनिक बससेवेला दरांनी आणखी एका बाजूने गाठले. मार्च २०२२ मध्ये घाऊक ग्राहकांसाठी डिझेल एकदम २५ रुपयांनी महागले. मुंबईत पंपावर ते ९४.१४ रुपये असताना टाकीत थेट भरून घेणाऱ्या मोठ्या ग्राहकाला १२२.०५ रुपये पडत होते. जास्त माल घेणाऱ्याला जास्त दर, हा उलटा प्रकार २०१३ मध्येही घडला होता. अनेक राज्यांच्या परिवहन महामंडळांना स्वतःच्या आगारातले पंप सोडून रस्त्यावरच्या पंपांवर गाड्या पाठवाव्या लागल्या. एका बसमध्ये चाळीस-पन्नास माणसे जातात. त्या बसला खासगी मोटारीपेक्षा महाग डिझेल विकणे हे कोणत्याही धोरणात बसत नाही.

मालवाहतुकीत मोठ्या कंपन्यांच्या करारांत डिझेलनुसार भाडे बदलण्याचे कलम असते. एकच ट्रक असलेल्या मालकाचे भाडे बुकिंग कार्यालयात तोंडी ठरते, आणि परतीचे भाडे मिळाले नाही तर रिकाम्या गाडीचे डिझेल त्याच्याच अंगावर पडते. भरलेला ट्रक लिटरला ४ किलोमीटर देतो असे धरले, तर नागपूर ते मुंबई या आठशे किलोमीटरांना २०० लिटर लागतात. डिझेल १० रुपयांनी वाढले की एका खेपेत २,००० रुपये गेले. टोल आणि हप्ता यांत काटछाट होत नाही, म्हणून झळ बसते ती क्लिनरला, टायर बदलण्याला आणि चालकाच्या झोपेला. उसाच्या पट्ट्यात तर शेतकऱ्याला डिझेलचा दर वेगळा विचारावाही लागत नाही. साखर कारखाना उसाच्या पैशांतून तोडणी-वाहतुकीचा खर्च आधी कापतो, त्यामुळे ट्रॅक्टरचे डिझेल त्याच्या बिलातून आपोआप वजा होते.

राज्याराज्यांत कर वेगळा असल्याने सीमेवर दराची दरी दिसते. मनोहर पर्रीकरांच्या सरकारने २०१२ मध्ये गोव्यात पेट्रोलवरचा कर जवळजवळ शून्यावर आणला आणि लिटर सुमारे ११ रुपयांनी उतरले. पणजी-म्हापशात मोटरसायकलवर प्रवासी नेणाऱ्या पायलटांना त्याचा थेट लाभ झाला. पुढे तो कर पुन्हा वाढला. तरी बांदा, सावंतवाडी, दोडामार्गकडची माणसे गोव्यात गेली की टाकी भरूनच परततात, आणि लांब पल्ल्याचे ट्रकचालक गुजरात किंवा कर्नाटकातल्या पंपांचा हिशोब ठेवून निघतात. सीमेपासून दोनशे किलोमीटर आत असलेल्या जालन्याच्या रिक्षाचालकाला असा पर्याय नाही.

मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपये, जुलैमध्ये नव्या राज्य सरकारने ५ आणि ३ रुपये कमी केले. त्यानंतर पंपावरचा दर नावाला रोजचा राहिला. मार्च २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर झालेली २ रुपयांची कपात वगळता तेल कंपन्यांनी तो जवळपास स्थिर ठेवला. कच्चे तेल मधल्या काळात बरेच उतरले, तेव्हा आधीचा तोटा भरून निघाला आणि ग्राहकाचा दर तिथेच राहिला. प्रवासी सवलतींनी काही भार उचलला. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीत मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट मिळू लागले, आणि वडापकडे गेलेल्या पुष्कळ बायका पुन्हा एसटीकडे वळल्या. २५ जानेवारी २०२५ ला एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. त्याच वर्षी मे महिन्यात बेस्टचे किमान तिकीट ५ वरून १० रुपये आणि जूनमध्ये पुण्याच्या पीएमपीचेही ५ वरून १० रुपये झाले.

डिझेलच्या बाहेर पडण्याचा प्रयत्न सुरू आहे, पण त्याची गती कमी आहे. एसटीने ५,१५० विद्युत बस भाड्याने घेण्याचा करार केला, मात्र गाड्या फार सावकाश आल्या. बॅटरीवरची रिक्षा किलोमीटरमागे स्वस्त पडते, तरी तिची किंमत जास्त, कर्जाचा हप्ता मोठा आणि तालुक्याच्या गावी चार्जिंगची सोय तुटपुंजी. शिफ्टवर चालवणाऱ्याला हे कर्ज सहसा मिळत नाही, म्हणून स्वस्त ऊर्जेचा फायदाही आधी मालकाकडे जातो. एक फरक मात्र चालकाच्या उपयोगाचा आहे. विजेचा दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो, त्याआधी प्रस्ताव प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, जाहीर सुनावणी होते, आणि चार्जिंग केंद्रांसाठी वेगळा वर्ग ठेवलेला असतो. पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीच्या दरासाठी अशी सुनावणी कुठेही होत नाही. रिक्षाच्या भाड्याचा निर्णय प्राधिकरणाच्या बैठकीत होतो, आणि बैठक कधी बोलवायची याला मुदत नाही. खटुआ समितीच्या सूत्राला ठरलेली तारीख जोडली आणि इंधन उतरल्यावर भाडेही उतरेल अशी तरतूद केली, तर चालक आणि प्रवासी या दोघांनाही पुढच्या तिमाहीचा हिशोब आधी मांडता येईल. त्यासाठी नवी समिती नेमण्याची गरज नाही.